काचघरातून निघालेला पहिला ट्रक

बागेतल्या शेडमध्ये रात्री-अपरात्री ठोकाठोक करणारा, स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलेला आणि परत येऊन जगाला पहिला मोटार ट्रक देणारा गॉटलिब डाइमलर. जुन्या गाड्या उभ्या करण्याचं वेड असलेल्या प्रत्येकाने ओळख करून घ्यावी असा हा माणूस. सोबत, जुना ट्रक घरी दुरुस्त करायला काढणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी.

मोटारगाडी म्हटलं की हेन्री फोर्डचं नाव पटकन तोंडावर येतं. ट्रकचं मात्र तसं नाही. कांदा, सिमेंट, ऊस, आपलं ऑनलाइन मागवलेलं पार्सल, सगळं ट्रकवरून येतं. पण पहिला ट्रक कुणी बनवला असं विचारलं तर ऑटोमोबाइलच्या शेवटच्या वर्षाची पोरंही एकमेकांकडे बघतात.

उत्तर आहे गॉटलिब डाइमलर. साल १८९६. वाफेवर चालणारी अवजड धुडं त्याच्या आधीही रस्त्यावर होती. पण ज्याला आपण आज ट्रक म्हणतो, म्हणजे सिलिंडरच्या आत इंधन जाळणारं इंजिन आणि मागे माल, तो पहिल्यांदा त्याच्या कारखान्यातून बाहेर पडला. आणि त्या ट्रकच्या इंजिनाची मुळं कुठल्या मोठ्या फॅक्टरीत नव्हती, ती होती त्याच्या घरामागच्या बागेतल्या एका काचघरात.

आधी कानस, मग कॉलेज

डाइमलरचा जन्म १७ मार्च १८३४ रोजी दक्षिण जर्मनीतल्या शॉर्नडॉर्फ या गावात झाला. वडिलांची बेकरी होती. पोराने मात्र पिठात हात न घालता बंदुका बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी धरली. बंदुकीच्या कामात केसाइतकी चूक चालत नाही. नळी, घोडा, स्प्रिंग, सगळं हाताने कानसून एकमेकांत बसवायचं. १८५२ मध्ये उमेदवारी संपली तेव्हा परीक्षेसाठी त्याने दोन नळ्यांचं पिस्तूल बनवून दाखवलं.

पुढे स्ट्रासबुर्गजवळच्या एका कारखान्यात काम केलं आणि मग १८५७ ते १८५९ या काळात स्टुटगार्टच्या पॉलिटेक्निकमध्ये इंजिनीअरिंग शिकला. म्हणजे आपल्याकडच्या उलट क्रम. आपण आधी चार वर्षं डिग्री करतो आणि मग पाना हातात धरतो. त्याने आधी हात तयार केला आणि नंतर त्यामागचं गणित समजून घेतलं.

त्या वेळी सगळीकडे वाफेच्या इंजिनांची चलती होती. पण वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला जागा, कोळसा आणि सतत लक्ष द्यायला माणूस लागतो. छोट्या कारागिराला हे परवडणारं नव्हतं. आपल्याला लहान, स्वस्त आणि पटकन चालू होणारं इंजिन हवं, हे डाइमलरच्या डोक्यात तेव्हाच बसलं. पुढे तो इंग्लंडला गेला. लीड्स, मँचेस्टर, कोव्हेंट्री इथल्या कारखान्यांत राबला.

ते मँचेस्टर म्हणजे जोसेफ व्हिटवर्थचं गाव. याच व्हिटवर्थने १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं होतं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा आणि नटही वेगळा. हा विषय आजही जुन्या ट्रकवाल्यांना छळतो. इंग्लिश किंवा अमेरिकन बनावटीच्या जुन्या बेडफर्ड, डॉज, फार्गोवर इंची बोल्ट मिळतात, तर जर्मन घराण्यातल्या ट्रकवर मिलिमीटरचे. दोन-तीन आटे बसले म्हणून नट पुढे रेटला की आटे गेलेच समजा. बोल्ट हाताने सहज फिरत नसेल तर थांबायचं आणि आटे मोजायच्या पट्टीने तपासायचं.

माइबाख नावाचा दोस्त

१८६० च्या दशकात डाइमलर रॉयटलिंगेन इथल्या एका संस्थेच्या वर्कशॉपचा प्रमुख झाला. अनाथ आणि गरजू मुलांना तिथे काम शिकवलं जाई. १८६५ मध्ये तिथेच त्याला विल्हेल्म माइबाख भेटला. वय १९, आई-वडील लहानपणीच गेलेले, चित्रकलेत आणि यंत्रांची रेखाटनं काढण्यात एकदम तयार. डाइमलर त्याच्यापेक्षा १२ वर्षांनी मोठा. तिथून जमलेली ही जोडी डाइमलरच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ३५ वर्षं टिकली.

या जोडीशिवाय डाइमलरची गोष्ट पुरी होत नाही. डाइमलर हट्टी, तापट, पैसा उभा करणारा आणि काय हवं ते ठामपणे सांगणारा. माइबाख शांत, कागदावर ते उतरवणारा. डाइमलर नोकरी बदलून कुठेही गेला की काही दिवसांत माइबाखलाही तिथे बोलावून घ्यायचा. १८६७ मध्ये डाइमलरचं एमा कुर्त्स हिच्याशी लग्न झालं. ती एका औषधविक्रेत्याची मुलगी.

१८७२ मध्ये दोघं कोलोनजवळच्या डॉइट्स इथल्या गॅस इंजिनाच्या कारखान्यात गेले. मालक निकोलाउस ऑटो आणि ऑयगेन लांगेन. डाइमलर तांत्रिक प्रमुख झाला. १८७६ मध्ये इथेच ऑटोचं चार स्ट्रोकचं इंजिन तयार झालं. पहिल्या वर्षी थर्मलच्या तासाला आपण आत ओढा, दाबा, पेटवा, बाहेर टाका असं घोकतो ना, तेच.

इंजिन चांगलं होतं पण प्रचंड जड होतं. एका जागी ठोकून बसवायचं आणि गॅसच्या नळाला जोडायचं. मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे, बस्स. डाइमलरला हे इंजिन हलकं करून चाकांवर चढवायचं होतं. ऑटोला कारखान्यांत खपणारी मोठी इंजिनं पुरेशी होती. दोघांचं बिनसलं, खटके उडत राहिले आणि १८८२ मध्ये डाइमलर तिथून बाहेर पडला. तेव्हा त्याचं वय ४८ होतं. मोठ्या पगाराची नोकरी हातातून गेलेली, घरात बायको आणि मुलं. या वयात लोक रिटायरमेंटची गणितं मांडायला लागतात. याने स्टार्टअप काढायचं ठरवलं.

बागेतलं काचघर आणि पोलिसांची धाड

साठवलेल्या पैशातून ७५,००० मार्कांना डाइमलरने स्टुटगार्टजवळच्या कानस्टाट गावात बागेसह एक बंगला घेतला. बागेत झाडं ठेवायचं काचघर होतं. त्याला विटांची एक खोली जोडली आणि झालं वर्कशॉप. एक बाकडं, एक भट्टी, हत्यारं आणि दोन माणसं. कल्पना कुणी पळवू नये म्हणून कमालीची गुप्तता. घरच्यांनाही आत काय चाललंय ते धड माहीत नव्हतं.

रात्री उशिरापर्यंत दिवा आणि धातूवर ठोकल्याचा आवाज. घरच्या माळ्याला संशय आला की मालक आत खोटी नाणी पाडतात. त्याने पोलिसांत खबर दिली. पोलिसांनी डाइमलर नसताना काचघर उघडून बघितलं, तर आत हत्यारं आणि इंजिनाचे सुटे भाग. नाणं एकही नाही.

नेमकं काय चाललं होतं आत? प्रश्न होता पेटवण्याचा. जुन्या इंजिनात बाहेरची ज्योत एका सरकत्या झडपेतून आत नेऊन इंधन पेटवत. झडप सरकणार, ज्योत आत जाणार, परत बंद होणार; यात वेळ जायचा, म्हणून इंजिन जोरात फिरूच शकत नव्हतं. डाइमलर आणि माइबाखने एक छोटी नळी बसवली. तिचं एक टोक सिलिंडरच्या आत उघडं आणि बाहेरून बर्नरने ती लालभडक तापवलेली. पिस्टनने मिश्रण दाबलं की ते त्या तापलेल्या नळीत शिरून पेट घ्यायचं. सरकती झडप गेली आणि वेग मिळाला. या इंजिनाचं पेटंट डिसेंबर १८८३ चं आहे.

१८८५ पर्यंत त्यांनी उभ्या सिलिंडरचं एक इंजिन बनवलं. दिसायला जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं, म्हणून त्याला घड्याळाचंच टोपणनाव पडलं. २६४ सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, मिनिटाला ६०० फेरे. आजच्या बाइकवाल्यांना हसू येईल, पण ऑटोच्या इंजिनापेक्षा हा वेग तिपटीहून जास्त होता. वजन इतकं कमी की दोन माणसांनी उचलून कुठेही बसवावं. आणि इंधन म्हणून पेट्रोलच्याच जातीचं द्रव, जे तेव्हा औषधाच्या दुकानात कपड्यांवरचे डाग काढायला मिळायचं. गॅसच्या नळापासून इंजिन सुटलं ते असं.

आता हे इंजिन चालवून बघायला काहीतरी हवं. १८८५ मध्ये त्यांनी ते लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसवलं. तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी चाकं, लहान मुलांच्या सायकलला असतात तशी. जगातली पहिली पेट्रोल मोटारसायकल म्हणतात ती हीच. नोव्हेंबरमध्ये ती कानस्टाट ते उंटरट्युर्कहाइम असं तीनेक किलोमीटर चालली. पेटती नळी सीटच्या बरोबर खाली होती, त्यामुळे प्रवासात सीटने पेट घेतला असंही सांगितलं जातं.

१८८६ मध्ये त्याने घोड्याची बग्गी मागवली. एमाच्या वाढदिवसाला भेट द्यायची आहे असं सगळ्यांना सांगितलं आणि बग्गी घरी आली की तिच्यात इंजिन चढवलं. त्याच वर्षी नेकार नदीत बोट चालवली. पेट्रोलच्या स्फोटाची लोकांना भीती वाटायची, म्हणून बोटीभोवती तारा आणि चिनी मातीच्या टिकल्या लावल्या. बघणाऱ्याला वाटावं की बोट विजेवर चालते. जुगाड म्हणा, मार्केटिंग म्हणा, काम झालं.

गंमत म्हणजे साधारण शंभर किलोमीटरवर मानहाइममध्ये कार्ल बेन्झ नावाचा दुसरा माणूस याच काळात स्वतःची मोटारगाडी बनवत होता. पुढे ज्यांची नावं एकाच कंपनीत जोडली गेली, ते दोघं आयुष्यात एकमेकांना कधी भेटलेच नाहीत असं सांगतात.

स्वतःच्या कंपनीतून बाहेर

१८८७ मध्ये काचघर अपुरं पडायला लागलं तेव्हा जवळच एक कारखाना घेतला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात नवी गाडी दाखवली. फ्रान्समध्ये त्यांच्या इंजिनाचे परवाने विकले गेले. पण त्याच वर्षी एमा गेली. आणि पैसा संपत आला होता.

मग गुंतवणूकदार आले. बंदुकीची दारू आणि काडतुसांच्या धंद्यात पैसा कमावलेले माक्स डुटेनहोफर आणि विल्हेल्म लोरेन्झ. नोव्हेंबर १८९० मध्ये डाइमलर कंपनी रीतसर स्थापन झाली. नाव डाइमलरचं, पण सूत्रं दुसऱ्यांच्या हातात. त्यांना एका जागी बसून चालणारी इंजिनं विकायची होती, कारण ती खपत होती. गाडीवर पैसा घालवणं त्यांना मूर्खपणा वाटत होता. म्हणजे डॉइट्सला जे भांडण झालं तेच परत. फक्त या वेळी पाटीवर त्याचं स्वतःचं नाव होतं.

माइबाखला मनासारखा करार मिळाला नाही, तो १८९१ मध्ये बाहेर पडला. डाइमलरने काय करावं? कानस्टाटमधल्या एका बंद पडलेल्या हॉटेलच्या हॉलमध्ये माइबाखला वेगळं वर्कशॉप काढून दिलं, स्वतःच्या खिशातून. याच हॉलमध्ये दोन गोष्टी आकाराला आल्या. एक, शेजारी शेजारी दोन सिलिंडर असलेलं फिनिक्स इंजिन. दुसरी, बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर. जुन्या पेट्रोल गाडीचा कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केलाय कधी? त्या बारीक भोकाचा उगम इथे आहे.

या ताणात डाइमलरचं हृदय साथ देईना. प्रकृतीसाठी तो इटलीला गेला. तिथे त्याची लीना हार्टमानशी गाठ पडली आणि १८९३ मध्ये दोघांनी लग्न केलं. पण कंपनीतलं भांडण मिटलं नाही. १८९४ मध्ये त्याला आपले शेअर आणि पेटंटवरचे हक्क ६६,६६६ मार्कांना सोडून बाहेर पडावं लागलं. घरासाठीच ७५,००० मोजलेल्या माणसाला आयुष्यभराच्या कामाचे त्याहून कमी मिळाले.

त्याच १८९४ च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआँ अशी मोटारगाड्यांची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस विभागून मिळवणाऱ्या पाँहार आणि प्यूजो या दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत डाइमलरच्या परवान्यावर बनलेली इंजिनं होती. माणूस कंपनीबाहेर आणि त्याचं इंजिन स्पर्धेत पुढे!

इकडे त्याच्या आणि माइबाखच्या माघारी कंपनीचा गाडा रुतला. तेवढ्यात फ्रेडरिक सिम्स हा उद्योजक मदतीला आला. इंग्लंडसाठी परवाना हवा म्हणून त्याच्या बाजूने ३,५०,००० मार्क द्यायची तयारी होती, पण अट एकच. डाइमलरला परत घ्या. १८९५ च्या शेवटी डाइमलर परतला, सोबत माइबाखही.

१८९६ : बैलगाडीला इंजिन

आणि पुढच्याच वर्षी ट्रक आला. दिसायला कसा होता? बैल सोडलेली बैलगाडी डोळ्यासमोर आणा. वर उघडं फळ्यांचं हौद, पुढे गाडीवानासारखी उंच बैठक, लोखंडी धावा बसवलेली लाकडी चाकं. इंजिन मागच्या बाजूला. तेच दोन सिलिंडरचं फिनिक्स, १.०६ लिटर आणि ४ हॉर्सपॉवर. आज आपल्या कॉलेजच्या पार्किंगमधली कुठलीही स्कूटर याच्यापेक्षा ताकदवान आहे. पण हा ट्रक १,५०० किलो माल ओढायचा. १०० किलोमीटरला साधारण सहा लिटर पेट्रोल लागायचं.

चार घोड्यांत दीड टन कसं हललं, यातच खरी इंजिनीअरिंग आहे. इंजिनाची ताकद पट्ट्याने एका आडव्या दांड्यावर यायची. दांड्याच्या दोन्ही टोकांना लहान दातेरी चाकं आणि ती मागच्या चाकांना पक्क्या केलेल्या मोठ्या दातेरी कड्यांत आतून फिरायची. लहान चाक खूप फिरणार, मोठं हळू फिरणार, म्हणून वेग कमी आणि जोर जास्त. खाणीतल्या डंपरच्या चाकात आज जी गिअरची रचना असते तिची ही पूर्वज.

दुसरी अडचण हादऱ्यांची. लोखंडी धावा आणि दगडी रस्ता. इंजिन खिळखिळं होऊन गेलं असतं. म्हणून ते दोन गुंडाळी स्प्रिंगांवर टेकवलं आणि पुढच्या आसाला पाटे दिले. जुन्या ट्रकचं इंजिन चालू केल्यावर अख्खी केबिन थरथरत असेल तर लोक थेट इंजिनावर संशय घेतात. आधी खाली वाकून इंजिनाच्या माउंटिंगचे रबर बघा. ते चेपून दगड झालेले असतात.

जर्मनीत गिऱ्हाईक मिळेना. पहिला ट्रक गेला लंडनला. पण डाइमलर तिथे थांबला नाही. १८९८ पर्यंत इंजिन आधी चालकाच्या बैठकीखाली आणि मग थेट पुढच्या आसाच्याही पुढे सरकलं. तिथे १० हॉर्सपॉवरचं इंजिन, मागे पाच टन माल. पुढे नाक आणि मागे हौदा, असा आपल्या ओळखीचा ट्रकचा चेहरा इथे तयार झाला. पट्ट्याऐवजी गिअरबॉक्स, नवा नळ्यांचा रेडिएटर आणि तापत्या नळीच्या जागी बॉशचं मॅग्नेटो इग्निशन आलं.

त्यानंतर त्याने जे केलं ते मला सगळ्यात भारी वाटतं. हा ट्रक लगेच गाजावाजा करून विकायला काढला नाही. हायडेनहाइमच्या एका वीटकारखान्यात तो कित्येक महिने रोजच्या कामाला लावला. विटा भरा, नेऊन टाका, परत या. काय तुटतं, काय तापतं, काय झिजतं ते बघायचं, दुरुस्त करायचं आणि परत कामावर पाठवायचं. हे होईपर्यंत घाई नाही.

तारा आणि टाटा

हृदयाचं दुखणं वाढतच गेलं. ६ मार्च १९०० रोजी कानस्टाटमध्येच डाइमलर वारला. ६६ पूर्ण व्हायला ११ दिवस कमी. कंपनीच्या गाड्यांना मर्सिडीज हे नाव मिळालेलं त्याने पाहिलं नाही. बेन्झच्या कंपनीशी १९२६ मध्ये झालेलं विलीनीकरण तर फार पुढचं.

पण तारा त्याचाच. डॉइट्सला नोकरीत असताना त्याने शहराच्या एका चित्रावर आपल्या घराच्या जागी चांदणीची खूण करून बायकोला पाठवली होती. एक दिवस हीच चांदणी आपल्या कारखान्यावर झळकेल अशी त्याला आशा होती. १९०९ मध्ये कंपनीला चिन्ह हवं होतं तेव्हा पाउल आणि अडोल्फ या मुलांना ती आठवली.

हाच तीन टोकांचा तारा आपल्या रस्त्यांवरही फिरला. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेन्झशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरमधून टाटा मर्सिडीज ट्रक बाहेर पडायला लागले. करार १९६९ मध्ये संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचं अक्षर आलं. जुन्या ड्रायव्हर काकांना विचारा, त्या नाकवाल्या ट्रकबद्दल ते अजून जीव लावून बोलतात. कुठल्या तरी वाड्यामागे किंवा शेताच्या बांधावर असा एखादा सांगाडा तुमच्या बघण्यात असेल. तो भंगारात किलोच्या भावाने जाईल किंवा कुणीतरी परत उभा करेल. तुम्ही उभा करायचं ठरवलंत, तर पुढचं वाचा.

घरी ट्रक उभा करताय?

१. आधी कागद. आरसी कुणाच्या नावावर आहे, चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतात का, कर थकलाय का, हे आरटीओत जाऊन बघा. पैसे त्यानंतर द्या. मालट्रकला रस्त्यावर आणायला फिटनेस सर्टिफिकेट लागतंच.

२. खोलण्याआधी फोटो. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो. नट-बोल्ट एकाच डब्यात टाकू नका. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी आणि वर चिठ्ठी. सहा महिन्यांनी काहीही आठवत नाही.

३. जॅकवर विश्वास नाही. ट्रक फक्त जॅकवर असताना खाली शिरायचं नाही. सपाट, टणक जमीन, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि चासीखाली जाड लाकडी ठोकळे किंवा वजनाला पुरतील असे स्टँड. एकट्याने काम करू नका.

४. इंजिनाला लगेच सेल्फ मारू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. नोझल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर न लावता परत ऑइल आणि परत वाट. नोझल बसवण्याआधी जास्तीचं ऑइल बाहेर पडू द्या.

५. डिझेलची हवा काढा. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण उपसा, टाकी धुवा, फिल्टर नवे घाला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका, त्या दाबाने डिझेल कातडीत घुसतं. आणि टाकीला घरी वेल्डिंग करायचं नाही, रिकाम्या टाकीतली वाफही पेटते.

६. चालण्याआधी थांबणं. इंजिन चालू झाल्याच्या आनंदात ट्रक हलवू नका. आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर आणि चाकांच्या सिलिंडरचे रबर किट बदला, पाइप तपासा, नवं ऑइल भरून हवा काढा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका किंवा कोरडी झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर चांगला मास्क हवा.

७. चाक टायरवाल्याकडे. जुन्या ट्रकच्या रिमला वेगळी लोखंडी कडी असते. गंजलेली कडी हवा भरताना सुटली तर जीव जाऊ शकतो. हे काम घरी नाहीच. लोखंडी पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडे न्या.

८. वायरिंग. बॅटरी जोडण्याआधी ट्रक १२ व्होल्टचा की २४ चा ते बघा. जुन्या वायरींचं आवरण हात लावताच तुटत असेल तर तुकडे जोडत बसू नका. नवं वायरिंग करा, फ्यूज घाला. काम करताना आधी बॅटरीची अर्थची वायर काढा.

९. गंज आणि रंग. रंग शेवटी. तारेच्या ब्रशने गंज काढा, कुजलेला पत्रा कापून नवा बसवा, रेड ऑक्साइड मारा आणि मगच रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर पाणी लावून घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

१०. वीटकारखान्याची परीक्षा. सगळं झालं की रिकामा ट्रक आधी मोकळ्या आवारात हळू चालवा. मग थोडा माल, मग आणखी थोडा. प्रत्येक फेरीनंतर पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळा, चाकाचे नट बघा, हबला हात लावून कुठलं जास्त तापतंय ते पाहा, ट्रकखाली ऑइलचे थेंब आहेत का ते तपासा आणि वहीत लिहा. डाइमलरने पाच टनांचा ट्रक महिनोन्महिने असाच तपासला. तुम्हाला दोन-तीन आठवडे लागले तर बिघडलं कुठे!